शेंगांच्या गाडीवरचा संघ

कोपऱ्यावरच्या शेंगावाल्या मावशींनी उन्हासाठी गाडीवर जुना फ्लेक्स बांधलाय. त्यावर आमच्या शहराचा महिला बास्केटबॉल संघ आहे, उलटा. पहिल्यावहिल्या व्यावसायिक मोसमात हाच फ्लेक्स चौकात झळकायचा. शेवटच्या सामन्यानंतर मालकांनी माइक घेतला, "पुढच्या वर्षी भेटूच!" म्हणाले आणि आम्ही वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात संघ बंद. मुलींना मोबाइलवर एक मेसेज आला. आम्हा प्रेक्षकांना तोही नाही. हरले असते तर दोन शिव्या घालून पुन्हा तिकीट काढलं असतं. हे गुपचूप गुंडाळणं मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

काल संघाची कर्णधार सायली गाडीपाशी उभी होती. वर बघून म्हणाली, "मावशी, माझ्या तोंडालाच भोक पाडलंत की!"

"दोरी ओवायला गं. पण चांगला टिकलाय हो."

"आमच्यापेक्षा जास्त टिकला," असं म्हणून ती हसली.

शेंगा संपल्यावर तिनं पुडीचा बोळा केला, चालता चालता रस्त्यापलीकडच्या कचरापेटीकडे भिरकावला आणि निघून गेली. पडला की नाही, हे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी पाहिलं. अचूक आत पडला. टाळीसाठी उचललेले हात मी तसेच खिशात घातले.