लाईट गेली की येणारी बाई

“लाईट गेली की ती येते,” सासूबाई स्वयंपाकघरात दबक्या आवाजात सांगत होत्या. “अन् भिंत खरवडते. बांगड्या वाजतात तिच्या.”

“म्हंजी बाईच हाये म्हणायची!” शेजारच्या सुमनकाकू म्हणाल्या.

आमच्या घराच्या भिंतीत एक बाई राहते, हे मला असं कळलं. मी तेव्हा मागच्या खोलीच्या पडद्याआड उभी होते. हातात फणी होती, मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, आणि पाठ भिंतीच्या कोपऱ्यावर घासून घासून लाल झाली होती.

ती बाई मी होते.

मला सातवा महिना लागला होता आणि त्याबरोबर खाज. आधी पोटावर, मग पाठीवर, मग तळहात आणि तळपायांना. पाय असे खाजायचे की फणीचे दात बोथट झाले! पण सांगणार कुणाला? घरात सासरे होते. इंग्रजी शाळेत आम्हाला शरीराचे सगळे अवयव शिकवले होते, पण ‘मला खाज येते’ हे मोठ्या माणसांसमोर कसं म्हणायचं, ते नव्हतं शिकवलं. ‘इचिंग होतंय’ म्हणाले असते, तर ‘ईटिंग’ समजून सासूबाईंनी मला जेवायला वाढलं असतं.

नवरा, अनिकेत, कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्यात. त्याला फोनवर हळूच सांगितलं.

“माझ्या कपाटात अ‍ॅलर्जीची गोळी आहे बघ, धुळीची. पण आधी डॉक्टरांना विचार हं.”

“हो, विचारते.”

गोळी सापडली. शेजारी गुलाबी लोशनची जुनी बाटलीही सापडली. लोशन मी लावलं. गोळी मात्र मोबाईलच्या कव्हरमध्ये सरकवून ठेवली. रोज काढून बघायची. इंटरनेटवर एका पानावर लिहिलं होतं चालते, दुसऱ्यावर लिहिलं होतं विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि तिसऱ्यावर अशी चित्रं होती की मी मोबाईल उशीखाली उलटा ठेवला. मला काहीही झालं असतं तरी चाललं असतं. पण पोटात बाळ होतं, आणि त्याला मी आजवर फक्त हलण्यावरून ओळखत होते.

डॉक्टरांना विचारायचं ठरवलं, तर तिथे सासूबाई बरोबर.

“काही त्रास?” डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

“काय बी नाय,” सासूबाई म्हणाल्या. “लई सोशीक पोरगी हाये आमची!”

एवढ्या कौतुकानंतर तोंड उघडणं मला जमलं नाही. मी सोशिकपणे घरी आले आणि भिंतीला पाठ लावली.

आता आमच्या हर्सूलच्या रो-हाऊसमध्ये उन्हाळ्यात दिवसभर कूलर घरघरतो. त्या आवाजात मी फणीनं काय, खराट्यानं खाजवलं असतं तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. पण दुपारी लाईट जाते. कूलर थांबतो, सगळं घर एकदम मुकं होतं, आणि भिंतीतून आवाज येतो. खर्रर्र... किण किण... खर्रर्र. म्हणून सासूबाईंच्या हिशेबात लाईट गेली की ती बाई येत होती! शिवाय मागच्या खोलीच्या भिंतीवर गुलाबी ओरखडे उमटू लागले (लोशन), कमरेपासून खांद्यापर्यंत.

“रक्तच ते. पातळ झालेलं,” सासूबाई म्हणाल्या.

“जेल जवळ हाये,” सासरे पेपरमागून म्हणाले. “कुणीतरी भिंत कोरत निघालं आसंल अन् वाट चुकली.”

खरं सांगायला ती वेळ चांगली होती. पण त्याच दुपारी एक गोष्ट घडली. लाईट गेली. सगळे झोपलेले. मी मागच्या खोलीत गेले, कोपऱ्यावर पाठ घासली आणि थांबले.

भिंतीतून आवाज आला. खर्रर्र. किण किण.

मी हललेसुद्धा नव्हते. माझ्या बांगड्या गप्प होत्या. श्वास धरून मी पुन्हा पाठ घासली, अगदी हळू. थांबले. भिंतीनंही घासली, अगदी हळू. मग थांबली. माझ्या पाठीला, भिंतीच्या आत, कुणीतरी पाठ लावून उभं होतं. उन्हाळ्यातही भिंत गार लागत होती.

भूत मी आहे, हे मला पक्कं माहीत होतं. मग ही कोण?

त्यानंतर मी सासूबाईंपेक्षा जास्त घाबरले. सासूबाईंना एका भुताची भीती होती, मला दुसऱ्याच भुताची!

वेरूळहून आत्याबाईंना, म्हणजे माझ्या आतेसासूंना बोलावण्यात आलं. आल्या आल्या त्यांनी मीठमोहरीनं माझी दृष्ट काढली आणि भिंतीच्या नेमक्या त्याच कोपऱ्यावर बिब्बा टांगला. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, एवढं माझ्या आईनं मला शिकवलं होतं. माझी एकुलती एक खाजवायची जागा गेली.

“अन् सूनबाईला एकटं सोडायचं नाय,” आत्याबाईंनी फर्मावलं. “पोटुशी बाई आधी धरती ती.”

मग त्या माझ्याजवळच बसल्या. मी न्हाणीघरात गेले तरी दाराबाहेरून “हायेस ना गं?” अशी हाक. मी दात आवळून बसून राहायची. दुसऱ्या दिवशी लाईट गेली तेव्हा आत्याबाईंनी भिंतीला कान लावला आणि विजयी चेहऱ्यानं वळल्या.

“वहिनी, आवाज निम्मा झाला बघ! अर्धं पळालं. अर्धं ऱ्हायलंय.”

“वन्सं, तुमच्या हाताला गुण हाये!”

पळालेलं अर्धं तिथंच पलंगावर मांडीखाली हात दाबून बसलं होतं.

उरलेलं अर्धं डोहाळजेवणाला आलं. गुलमंडीच्या बाजारातून आणलेली हिरवी कडक साडी, अंगभर मोगऱ्याचे दागिने, आणि प्रत्येक कळी मला वेगळी टोचत होती. समोर गल्लीतल्या सगळ्या बायका. मी उखाणा पाठ केला होता, पण डोक्यात फक्त पाठच उरली होती.

“घे की नाव! लाजतीया बघा,” सुमनकाकू म्हणाल्या.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर हळूहळू थांबला. आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून आलं: खर्रर्र. किण किण. खर्रर्र.

आत्याबाईंनी मूठभर मोहरी उचलली आणि भिंतीकडे भिरकावली. आवाज थांबला. मग भिंतीतून बाळ रडलं.

एक बाई “आई गं!” म्हणून माझ्या ओटीसाठी आणलेल्या नारळावरच बसली.

“गप की रे राजा,” भिंत वैतागून म्हणाली. “पाजते ना तुला. जरा खाजवू तर दे!”

“अगं बया, ही तर आमची रुपाली!” सुमनकाकू ओरडल्या. रुपाली म्हणजे त्यांची बाळंतीण लेक. गार पडतं म्हणून काकूंनी तिला मागच्या खोलीत, आमच्या भिंतीला लागून हलवलं होतं. “अंगभर खाज सुटलीय तिला. मीच म्हटलं, गोळी घेऊ नको, दुधातनं लेकराला जाईल.”

सगळ्या हसल्या. मीही सुटले असं वाटलं. पण आत्याबाई हसल्या नाहीत.

“ती झाली भिंतीपल्याडची,” त्या सावकाश म्हणाल्या. “मंग हे गुलाबी वरखडे तर अल्याड हायेत. अल्याड कोण हाये?”

आणि अल्याड बांगड्या किणकिणल्या.

सगळ्या वळल्या. मीही वळले, कुठून आवाज आला ते बघायला. माझा हात माझ्याच पाठीवर होता, फुलांच्या माळेखाली, आणि तो थांबायला तयार नव्हता.

(पुढचं सगळं सरळ आहे. डॉक्टरीणबाई चिडल्या. तळहात-तळपाय खाजत असताना गप्प कशी बसलीस, म्हणाल्या. रक्त तपासलं, काळजीचं काही निघालं नाही. अनिकेतची गोळी त्यांनी कव्हरमधून काढून घेतली आणि मला चालेल ती स्वतः लिहून दिली. रुपालीला पाजताना चालेल अशी तिची वेगळी. सासूबाई रिक्षात एवढंच म्हणाल्या, “मला सांगायचं नाय व्हय?” आणि घरी येईपर्यंत माझी पाठ खाजवत बसल्या.)

पण ते नंतर. तेव्हा मात्र सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आत्याबाईंच्या मुठीत नवी मोहरी तयार होती, आणि मागून कुणीतरी घाबऱ्या आवाजात म्हणालं, “अगं, पोरीनं नाव घ्यायचं ऱ्हायलंच की.”

मी उठून उभी राहिले. पाठ केलेला उखाणा आठवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मी म्हणाले:

“भिंतीत नाही भूत, उगाच उधळू नका मोहरी,
अनिकेतरावांचं नाव घेते, खाजवणारी मीच खरी!”