फोनच्या आधी पोचणारे येतोचकाका

फोन उचलला की काका एकच शब्द बोलायचे, "येतोच." आणि ठेवून द्यायचे. समोरच्याने कशाला फोन केलाय, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसायचं. "काका, रविवारी पूजेला किती वाजता यायचं ते..." एवढं म्हणेस्तोवर तिकडून टुक्. मग तासाभराने हा माणूस नाहूरहून निघून आमच्या मुलुंडच्या दारात हजर. हातात कापडी पिशवी, पिशवीत रुमालात गुंडाळलेला मोबाइल, तोही घरातून निघतानाच बंद केलेला. "हां, बोल आता, काय म्हणत होतीस?" त्यांचं खरं नाव आमच्या गावकरी मंडळाच्या वहीत कुठेतरी असेल. आम्हा सगळ्यांचे ते येतोचकाका.

ते माझ्या वडिलांच्या गावचे, मालवणकडचे. दोघे एकाच गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे काका भांडुपला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. काकी लवकर गेल्या, मूलबाळ नाही. त्यामुळे मंडळाची सगळी घरं त्यांचीच होती, आणि आपल्या घरात शिरायला कोणी आधी विचारतं का, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

माझ्या मुलाला, अमेयला, हे अजिबात चालायचं नाही. तो घरूनच काम करतो. गेटवरून अ‍ॅपवर 'पाहुणे आले आहेत' असं वाजलं की तो खोलीतून ओरडायचा, "आई, फोन करून यायला काय होतं गं यांना?" खरं सांगायचं तर मलाही वाटायचं. हल्ली न कळवता बेल वाजली की माझी धांदल उडते. आधी दाराच्या भिंगातून बघते, मग केस सारखे करते, मग बाहेर पडलेले कपडे आतल्या पलंगावर फेकते. एकदा मी काकांना धीर करून म्हटलंच, एक मिस्ड कॉल तरी देत जा. ते म्हणाले, "फोन करून आलो तर तू घर आवरून ठेवतेस. मला घर कशाला बघायचंय? तू कशी आहेस ते बघायचं असतं." वर आणखी म्हणाले, "फोनवर सगळे बरेच असतात गो."

आणि आमच्याकडे येऊन ते बघायचे काय, तर चार माथी खाली घातलेली. अमेय, सूनबाई, माझे मिस्टर, मी, सगळे आपापल्या फोनात. काका कधी रागावले नाहीत. "मी थांबतो, तुमचं होऊ दे," म्हणायचे आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचे. एकादशी, संकष्टी, मागच्या पानावरचं भविष्य, सगळं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी आमच्यातल्याच कोणाला तरी कसंतरी व्हायचं आणि तो फोन उपडा ठेवायचा. मग काका जणू आत्ताच आल्यासारखे विचारायचे, "मग, काय चाललंय?" सूनबाई म्हणायची, यांच्यापेक्षा ओरडणारा सासरा परवडला.

पण काकांचं मंडळातलं खरं काम वेगळंच होतं. कोणी गेलं की जवळच्या माणसाला ते जाऊन सांगायचं. कुणी नेमलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं ते काम त्यांच्याकडेच होतं. ठाण्यापासून बोरिवलीपर्यंत कुठेही. त्यामुळे व्हायचं काय, की काका अवेळी दारात दिसले की माणसाचा चेहरा पांढराफटक. पहिला प्रश्न ठरलेला, "कोण?" काय झालं नाही, कसे आलात नाही, थेट "कोण?" बिचाऱ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून साध्या कामाला आले तर जिन्यातूनच हाळी द्यायचे, "सगळे बरे आहेत!" आमच्या शेजारच्या शहाबेनना वाटायचं, हे कुठल्या तरी तब्येतीच्या संस्थेचे आहेत.

माझे वडील गेले तेव्हा मला काकांनीच सांगितलं. अमेय दोन वर्षांचा होता. भर दुपारी काका आले, आणि मी "कोण?" म्हटलं तर उत्तरच देईनात. गॅस बंद कर म्हणाले. पोराला शेजारी देऊन आले. मला खाली बसवलं, स्वतः समोर बसले, पाणी प्यायला लावलं, आणि मग म्हणाले, "बापू गेला." बस. पुढे एक अक्षर नाही. मिस्टर ऑफिसातून येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. पुष्कळ दिवसांनी मी विचारलं, शेजारी फोन होता काका, तुम्ही उन्हातान्हात कशाला आलात? तर म्हणाले, "फोन ठेवल्यावर तुझ्याजवळ कोण होतं?"

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी ते केलं. 

झालं असं. वसंतभाऊ म्हणजे आमच्याच गावचे, कांदिवलीला राहणारे. त्यांची थोरली बहीण कुसुमताई पार्ल्याला एकटी राहायची. पंचाहत्तरीची, हृदयाचं दुखणं असलेली, आणि भाऊ म्हणजे तिचा जीव की प्राण. एके दिवशी सकाळी साडेनऊला काका आमच्या दारात आले. हाळी नाही. मी "कोण?" म्हटलं. वसंतभाऊ पहाटे गेले होते. त्यांच्या मुलाने काकांना विनवलं होतं की आत्याला फोन करायची हिंमत नाही, तुम्हीच जा. काकांचे गुडघे एव्हाना पार गेले होते. म्हणाले, "शैला, सोबत चल. कुसुमच्या इथे बाईमाणूस असलेलं बरं."

मी म्हटलं, आलेच, साडी बदलते. आत गेले, आणि साडी बदलण्याआधी हात फोनकडे गेला. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मी अ‍ॅडमिन. कोणी गेलं की ग्रुपवर टाकायचं हे माझं काम. तयार मजकूर साठवून ठेवलेला, फक्त नाव बदलायचं. 'आपले वसंतभाऊ यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले. भावपूर्ण श्रद्धांजली.' दोन हात जोडलेले. पाठवला. गॅसवरचं दूध उतू जाताना माणूस धावतो ना, तेवढाही विचार केला नाही मी.

रिक्षा पवईच्या सिग्नलला अडकली तेव्हा पर्समध्ये फोन थरथरायला लागला. एकामागून एक. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. काका बाहेर बघत होते, म्हणाले, "एक बरं आहे, कुसुमकडे तो जुना बटणांचा फोन आहे. तिला हे तुमचं ग्रुपबिप काही नाही."  पण दिवाळीत तिच्या पुतणीने तिला नवा फोन दिला होता, आणि गेल्याच महिन्यात मीच, या माझ्या हातांनी, तिला ग्रुपात घेतलं होतं. वर फुलांचा गुच्छ टाकून स्वागत केलं होतं.

मेसेज कोणी कोणी वाचला ते बघितलं. वाचलेल्यांची यादी भराभर वाढत होती. कुसुमताईचं नाव त्यात नव्हतं. खालच्या यादीत होतं. म्हणजे तिच्या फोनवर पोचलाय, अजून उघडलेला नाही. मी मेसेज काढून टाकला, सगळ्यांसाठी. पण लोकांच्या श्रद्धांजल्या तशाच, आणि त्यात वसंतभाऊंचं नाव, कुणी तर फोटोसुद्धा टाकलेला, हार घातलेला. इतक्यात हार कुठून घातला मेल्यांनी! एकेक करून काढत सुटले. एक काढेपर्यंत दोन यायचे. शेवटी ग्रुप बंद केला, आता कोणाला काही टाकता येईना. पण जे गेलं ते गेलं. तिने त्यातलं काही वाचलं का, हे कळायला आता मार्गच उरला नव्हता. एकदा वाटलं, तिला फोन करून बोलण्यात गुंतवावं. मग वाटलं, अगं बये, फोन केलास तर ती फोन हातात घेईल ना!

"सारखं काय बघतेस? घरी काही नाही ना?" काकांनी विचारलं.

"नाही काका, सोसायटीचं आहे."

त्यांनी रिक्षावाल्याला जरा लवकर घ्यायला सांगितलं. म्हणाले, "तिला बाहेरून कोणाकडून कळायच्या आत पोचायला हवं. एकटी आहे, कुठे उभी असेल, काय करत असेल." मेट्रोच्या कामाने रस्ता खणलेला, मरोळला पुन्हा खोळंबा. मी देवाला म्हटलं, तिच्या फोनची बॅटरी उतरू दे. तिला चष्मा सापडू नये. असलं काहीतरी मागत होते मी. आणि शेजारी तो म्हातारा रिक्षाच्या दांडीला धरून ताठ बसला होता, त्याला वाटत होतं अजून वेळ आहे.

कुसुमताईने दार उघडलं. साडी नीटनेटकी, केस विंचरलेले. आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या. बसा." मी तिच्या हाताकडे बघितलं, फोन नव्हता. टीपॉयवरही नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. ती स्वतःच येऊन खुर्चीत बसली. काका समोर बसले. मला खूण केली तशी मी तिच्या शेजारी जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. काका म्हणाले, "कुसुम, वसंता गेला." तिने मान खाली घातली. मग ती रडली, पोटातून, हमसून हमसून. काकांनी तिला रडू दिलं. मध्येच "कसा गेला?" तिने विचारलं, काकांनी सांगितलं. "त्रास झाला का?" विचारलं, नाही म्हणाले. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

नंतर मी चहा टाकायला आत गेले तर ती मागोमाग आली. साखरेचा डबा माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "तुझाच पहिला आला, शैला. उघडायच्या आधीच वर दिसला. ओट्याशीच उभी होते."

मला तोंड वर करता येईना. मी म्हटलं, ताई, माफ करा मला. तिने डोळे पुसले. "मी दार लावून खाली बसले होते जमिनीवर. मग वाटलं, काका येणारच. म्हणून उठले, तोंड धुतलं. त्यांना यातलं काही बोलू नकोस. एवढ्या लांबून आलेत त्या गुडघ्यांनी."

रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला फार वाटलं. ती चहाचे कप पुसत उभी राहिली.

दुपारी तिची पुतणी आली, तसे आम्ही निघालो. रिक्षात मी बाहेर बघत होते. काका अचानक म्हणाले, "तिला कळलेलं होतं."

मी पर्सची चेन उघडझाप करत राहिले.

"दारात मला बघून तिने 'कोण' म्हणून विचारलं नाही. आजवर एकाने तरी विचारल्याशिवाय मला आत घेतलंय का?"

"मग तुम्ही सांगितलंत कशाला, काका?"

"ती बसली ना ऐकायला. तिला सांगणारं माणूस हवं होतं. मग सांगितलं."

माझ्याच्याने राहवेना. म्हटलं होऊ दे काय व्हायचं ते. "काका, तो मेसेज ग्रुपवर..."

त्यांनी हात वर केला. "नाव सांगू नको गो," ते म्हणाले. "मला सगळ्यांच्या घरी जायचं असतं."

चौथ्या दिवशी दुपारी आमच्याकडे बेल वाजली. भिंगातून बघितलं तर काका. कडी काढली. ते आत आले, पिशवी ठेवली, पाणी मागितलं, अमेयची चौकशी केली. जाताना सूनबाईने केलेल्या पोह्यांना छान म्हणाले.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. ग्रुपवर कोण गेलं ते टाकायचं काम मी तेव्हाच सोडलं, ते आता दुसरं कोणीतरी करतं. मेसेज टाकणाऱ्याचं नाव काकांना माहीत होतं की नव्हतं, हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची. पण दर पंधरा दिवसांनी ते येत होते, आणि आधी न कळवता येत होते, तेवढ्यावर मी दिवस काढले.