करडाचा आवाज

साक्रीजवळच्या आमच्या मक्यात बिबट्या शिरला आणि आठवडाभर कोणी शेताकडे फिरकलं नाही. मग वनखात्याचा एक माणूस पिंजरा आणि छोटा स्पीकर घेऊन आला. त्याचं नाव मी विचारलंच नाही. मोबाइलमधले करडांचे तयार आवाज त्याने कानाशी धरून ऐकले, नकारार्थी मान हलवली आणि आमच्याच करडाचं ओरडणं टिपून घेतलं. संध्याकाळी पिंजऱ्यात ते लावलं, तर करडू शेजारी असूनही आमची बकरी दावं तोडून तिकडेच धावली. मी ओशाळले. तिला थोपटत परत आणून तो म्हणाला, "माय फसनी अक्का, म्हंजे आवाज बराबर शे."

पहाटे बिबट्या अडकला. सगळे बघायला पळाले. त्या माणसाने आधी स्पीकर बंद केला. तेव्हा कुठे रात्रभर उभी असलेली बकरी खाली बसली, आणि मीही.