चढायचा दोर

माझी बायको म्हणते, हा माणूस वरणसुद्धा हुंगून खातो. खरं आहे. झाडावर चढून धोक्याच्या फांद्या कापून उतरवणं हा माझा धंदा, आणि या धंद्यानं माझा स्वभाव असा करून ठेवला आहे. झाड बाहेरून हिरवंगार दिसतं अन् आत पोकळ निघतं. लोक सांगतात, हलकीशी छाटणी आहे हो, आणि वर गेलं की मोहोळ. घरमालकांना वाटतं आम्ही लाकडावर डोळा ठेवून आलो, म्हणून ते अंगणात खुर्ची टाकून बसतात. बसू दे बापा. मीही त्यांच्यावर नजर ठेवून असतो.

पण सगळ्यात जास्त संशय मी दोरावर घेतो. आमच्याकडे दोर दोन. एक जाड, कापलेली फांदी बांधून हळूहळू खाली सोडायचा. दुसरा चढायचा, त्याला माणूस लटकतो. चढायच्या दोरानं दुसरं काहीही करायचं नाही. त्यानं एकदा लाकूड ओढलं की तो आतल्या आत तुटतो आणि वरून मात्र धडधाकट दिसतो. म्हणून माझा दोर घरी, आतल्या खोलीत, पिशवीत घालून खुंटीला. दसऱ्याला बायको कटाईच्या मशीनला हार घालते, आरीला कुंकू लावते, पण दोराला बोट लावू देत नाही मी. ती चिडते. चिडू दे.

खाली उभा राहून दोर सांभाळायला माझा साळा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याच हाताखाली शिकला. अंगात बळ आहे, चढतोही चांगला, आणि बोलायला गोड. जरा जास्तच गोड. अलीकडे त्याचा फोन वाजला की तो उठून लांब जायचा आणि पाठ करून बोलायचा. मला वाटायचं, हा माझ्यामागं स्वतःची कामं घेऊन राह्यला. घे ना, मी कुठं नाही म्हणतो? पण तोंड उघडून सांग तर खरं.

त्या सोमवारी सावंगीला काम होतं. मेडिकलच्या पोरींना खोल्या भाड्यानं देणाऱ्या एक बाई, त्यांच्या अंगणात जुना कडुनिंब, आणि त्याची एक वाळकी फांदी नेमकी खोल्यांच्या टिनांवर आलेली. बाई खुर्ची टाकून बसल्याच होत्या. चढण्याआधी मी सगळा दोर बोटांतून सरकवून बघतो. पिशवीत हात घातला तर काटा टोचला. बाभळीचा, पांढरा, बोटाएवढा. त्या मोसमात आम्ही एकही बाभूळ कापली नव्हती. दोर सरकवत गेलो, तर मध्येच एका जागी तो कडक आणि चकचकीत लागला, घासून वितळल्यासारखा. त्याच्या पुढं वीतभर तो बोटाखाली चपटाच पडायचा, आत काही नसल्यासारखा. नाकाला लावला, तर डिझेलचा वास.

दोर कोणी नेला होता का, असं साळ्याला विचारलं. तो हेल्मेटचा पट्टा लावत होता. मान वर न करता म्हणाला, कोण नेते तुमचा दोर. काल कुठं होता म्हटलं, तर अल्लीपूरला, दोस्ताच्या घरी जेवण होतं म्हणे. अल्लीपूरच्या वावरांच्या धुऱ्यांवर, बांधाबांधावर, बाभळीच बाभळी. माझं डोकं सणकलं. काटा त्याला दाखवला नाही. म्हटलं, बघू हा कुठवर जातो.

आमची एक रीत आहे. बारीक दोरीला वाळूची पिशवी बांधून ती मजबूत फांदीवरून फेकायची, तिच्यामागून चढायचा दोर ओढून घ्यायचा, आणि मग चढणारा अन् खालचा अशा दोघांनी मिळून त्याला लटकायचं, पाय उचलून. दोघांचा भार पेलला तर एकाचा पेलेलच. तुटला तरी बुड आपटेल, एवढंच. मी पाय उचलले. साळ्यानं दोर धरला, गुडघे वाकवले, दात आवळून जोर लावला. मी खाली पाहिलं. त्याच्या बुटांचे चवडे जमिनीवर होते. एरवी हाच गडी दोराला धरून झोके घ्यायचा, मीच त्याला ओरडायचो.

‘एकदम पक्का हाय,’ तो म्हणाला. ‘चढा भाऊजी.’

संशय घेणं वेगळं आणि तो असा समोर उभा राहणं वेगळं. मी कमरेचा पट्टा सोडला आणि त्याच्यापुढं धरला. म्हटलं, माझी कंबर धरली आहे, आज तू चढ. त्याला वर जाऊ देणार नव्हतोच मी. मला फक्त त्याचं तोंड पाहायचं होतं. त्यानं पट्टा बांधला, कडी दोरात अडकवली. बाई खुर्चीतून म्हणाल्या, आज सुरू होणार आहे का काही? तो वर बघत राहिला. मग त्यानं कडी काढली.

‘भाऊजी, मले लेकरं हायेत.’

मलाही आहेत. दोन्ही त्याच्या सख्ख्या बहिणीची. मामा आला की त्याच्या पाठीवरून उतरत नाहीत. मला वाटलं, याला इथंच बदडावं. मग तो बोलला. अल्लीपूरला एकाच्या वावरात पडलेलं बाभळीचं खोड ट्रॅक्टरला बांधून ओढायचं होतं. जाड दोर माझ्या गाडीत, अन् गाडी घेऊन मी बाहेर, म्हणून खुंटीवरचा नेला. सांगितलं असतं तर मी ओरडलो असतो, म्हणून सांगितलं नाही. म्हणजे माझ्या ओरडण्याला घाबरला. मी मरेन याला नाही घाबरला.

मी आरी घेऊन त्या दोराचे हातहातभर तुकडे केले, त्याच्यासमोर. बाईंना म्हटलं, उद्या येतो. त्यांना वाटलं, आम्ही भाव वाढवून राह्यलो. वाटू दे. निघताना साळा माझ्या गाडीपाशी आला आणि हळूच म्हणाला, ‘ताईले नका सांगू.’

लवकर घरी आलो. बायकोनं रिकामी पिशवी पाहिली आणि विचारलं, काय झालं. म्हटलं, दोर खराब झाला, कापून टाकला. तिनं माझं तोंड पाहिलं, ताट वाढलं आणि समोर बसली.

‘दोर गेला तं गेला,’ ती म्हणाली. ‘एवढं काऊन मनाले लावून घेता? तुमी वर असले तरी मले कायचा घोर नाई. खाली माहा भाऊ असते ना.’

मी मान डोलावत म्हटलं, ‘हाव.’