पोट न दिसणारा कोट

टेपकाकूंच्या घरात सकाळी आधी शिलाई मशीन जागं होतं, मग माणसं. काकू अंघोळीलाही मापाची टेप गळ्यात घालून जातात, असं त्यांचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. त्या दिवशी तो चहात बिस्किट बुडवत बसला होता, काकू एका फ्रॉकला झालर जोडत होत्या, आणि छपरावरून सकाळचं विमान गेलं. काकूंचा पाय पायडलवर थबकला. आवाज पार विरेपर्यंत हलला नाही.

"गेलं ते," नवरा म्हणाला. "चालव आता. की पायलटला हात करून येतेस?"

ही त्याची रोजची थट्टा. बायकोला त्या आवाजातून ओढून काढायचा दुसरा उपाय त्याला सापडला नव्हता.

काही वर्षांपूर्वी समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी काकूंकडे आली होती. दिवस भरत आलेले, नवरा परदेशी, बाळंतपण त्याच्याजवळच व्हावं हा हट्ट. इतक्या अवघडलेल्या बाईला विमानवाले चढू देईनात. तेव्हा पोट दिसणार नाही असा कोट हवा होता. काकूंना गंमतच वाटली. त्यांनी काळपट कापड घेतलं, खांद्यापासून सैल चुण्या सोडल्या, कॉलर मात्र लालभडक आणि रुंद केली. नजर गळ्याशी अडकली की खाली उतरत नाही, हे त्यांचं धंद्यातलं शहाणपण. विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने कॉलरचं कौतुक केलं आणि महिना विचारलाच नाही. मुलीने तिथूनच फोन करून हे सांगितलं, तेव्हा दोघी पोट धरून हसल्या.

पुढची बातमी तुकड्यातुकड्यांनी आली. कळा विमानातच सुरू झाल्या, विमान वाटेत कुठेतरी उतरवावं लागलं. बाळाचं काय झालं ते कोणी धड सांगेना. मुलीच्या आईने बिऱ्हाडही हलवलं. शोधून विचारायची काकूंची छाती झाली नाही. तेव्हापासून विमानाच्या घरघरीखाली त्यांना एक बारीक आवाज ऐकू यायचा. रडण्याचा नव्हे. रडण्याआधी तान्हं मूल श्वास ओढून घेतं ना, तसा. पुढचं रडणं कधी यायचंच नाही.

दारावर टकटक झाली. नवऱ्याने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. तीच मुलगी होती. पुन्हा पोटुशी, हातावर घडी केलेला तोच कोट.

काकूंनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि मागून कोणी लहान येतंय का म्हणून दाराकडे बघत राहिल्या. ते तिच्या लक्षात आलं. भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात ती बोलली. मुलगा होता. विमान उतरेपर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, दोष विमानाचा नाही, कळा जमिनीवरही तेव्हाच आल्या असत्या. फक्त इथे चार जाणते हात असते. विमान उतरलं त्या परक्या गावातच त्याला पुरलं. आता दुसरं जन्मायच्या आत तिला तिथे जाऊन यायचं होतं. बाळंत होऊन सावकाश जा की, असं काकूंचा नवरा म्हणाला. तेवढा तो पहिला थांबायचा नाही, रोज बोलावतो, असं तिचं उत्तर.

"काकू, जरा सैल करून द्या ना. या वेळी पोट मोठं आहे."

काकूंनी कोट मांडीवर उलटा केला. अस्तराचा मोठा तुकडा कापून काढलेला होता. बाळाला कशात गुंडाळलं असेल, ते विचारावं लागलं नाही. उरलेली कड कोणीतरी वेड्यावाकड्या टाक्यांनी दुमडली होती. काकूंनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. आकाशात विमान नव्हतं, तरी तो श्वास ऐकू आला, अगदी जवळून, खोलीतूनच. मुलीनेही त्याच बाजूला मान वळवली.

"तुलाही ऐकू येतो?" काकूंनी विचारलं.

तिने मान डोलावली.

काकू बराच वेळ टाके चाचपत बसल्या. नाही म्हटलं, तर ती दुसरीकडे शिवून घेणार, हे त्यांना दिसत होतं. शेवटी गळ्यातली टेप काढून त्यांनी तिच्या पोटाभोवती धरली. आतून एक लाथ बसली, टेप हलली.

"सैल करून देते," त्या म्हणाल्या. "पण पोट दिसेल असा. कॉलरही काढते."

"मग मला चढू देणार नाहीत, काकू."

"नाही देणार तर नाही. माझं एवढंच ऐक, पोरी. काउंटरवर खरा महिना सांग."