झेंडीच्या आधी

आमच्या खानदानात धावण्याचं कौतुक फार आणि धावणारे दोनच. एक माझा थोरला भाऊ. तोही स्वतः धावत नसे, बैल धाववायचा. दुसरा त्याचा मुलगा. मी या दोघांच्या मधला, नातं सांगण्यापुरता. माझी धाव चामोर्शीच्या बसस्टँडवर सुटलेल्या गाडीमागची, आणि तीही कंडक्टरला दया आली तर यशस्वी होणारी. तरी पुतण्या आशियातल्या देशांच्या मोठ्या स्पर्धेत शंभर मीटर धावणार हे नक्की झालं, तेव्हा ऑफिसात पेढे मीच वाटले आणि पोट आत घेऊन सांगितलं, "ते आमच्या रक्तातच आहे."

रक्तात काय आहे ते दादालाच ठाऊक. दादा शंकरपटातला, म्हणजे बैलांच्या शर्यतीतला, जोडी हाकणारा धुरकरी. जोडी दुसऱ्याची असायची, हात आमच्या दादाचे. सावली गावापासून नदीपल्याडच्या गावांपर्यंत, थंडीत जिथं पट भरेल तिथं त्याला बोलावणं यायचं. बैलांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा त्याचं मूल सहा-सात वर्षांचं असेल. दादाला त्या हिवाळ्यात काय करावं कळेना. मग धान निघालेल्या बांधीत, भाताच्या रिकाम्या खाचरात, तो पोराला उभं करायचा, त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरायचा, पोरगा पुढं ओढ घ्यायचा, आणि दादा मूठ सोडायचा. वहिनी ओरडायची, "शर्ट फाटते ना जी!" दादा म्हणायचा, "फाटू दे. शर्ट फाटला म्हनजे सुटला चांगला."

पुढं ते पोरगं शाळेतून तालुक्याला, तालुक्यातून नागपूरला, तिथून आणखी लांब गेलं. खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली. दादानं मात्र त्याला शर्यतीत कधी धावताना पाहिलं नव्हतं. स्पर्धा कुठं पटियाळ्याला, कुठं चेन्नईला. दादाला नागपूरच्या पुढं गाडीत बसवत नाही, पोटात ढवळतं. "धावते का नाई ते मले माईत हाय, पाहाले कायले जाऊ?" असं तो म्हणे. पण पेपरात फोटो आला की कात्रण खिशात ठेवून घामानं त्याचा लगदा होईपर्यंत फिरायचा.

या वेळी गोष्ट वेगळी होती. जाण्याआधी पुतण्यानं मला फोन केला. "काकाजी, यानंतर नाई. गुडघा गेला माझा. कोचनंबी सांगून देलं. टीव्हीवर दाखवनार हायेत. बाबाले बसवा एकडाव. एकडाव तरी पाह्यले पायजे त्यायनं." मी 'हो हो, बसवतो' म्हटलं आणि मग बराच वेळ फोन हातात धरून बसलो. आयुष्यात मला एवढं मोठं काम कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते होतं भावाला टीव्हीसमोर बसवायचं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी आणि बायको गावी गेलो. संध्याकाळी पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. दादानं मोबाइल घेतला आणि सरळ कानाला लावला.

"बाबा, तुमचा कान दिसून राह्यला फक्त."

"मंग आयकू कशानं? डोळ्यानं?"

सगळे हसलो. वहिनीनं फोन ओढून समोर धरला तेव्हा दादा एकदम सावरून बसला, जणू फोटो निघतोय. पोराकडं त्यानं नीट पाहिलं. मग म्हणाला, "आयक. बाजूच्याकडं पाहू नोको. पयले सुट. मांगचं मंग पाहू."

"हाव बाबा."

"पयले सुट."

"हाव ना बाबा," पुतण्या हसला. आम्हीही हसलो. मीच म्हणालो की कोचचा कोच आमच्या घरी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात टीव्ही काढला. हलकं धान कापायला आलं होतं, तरी कापणी सोडून लोक आले. चटया कमी पडल्या म्हणून लग्नातल्या सतरंज्या आणल्या. वहिनीनं सकाळपासून वडे तळले. बंदी उठल्यापासून ज्यांची जोडी दादा हाकतो ते म्हातारे मालकही काठी टेकत आले. त्यांना खुर्ची दिली, आणि दादाला त्यांच्या शेजारी. दादानं धुतलेला सदरा घातला होता आणि हात मांडीवर असे ठेवले होते, जसे डॉक्टरकडं बसल्यावर ठेवतो.

टीव्हीवर बाई इंग्रजीत बोलत होती. मी घरातला शिकलेला, त्यामुळं भाषांतर माझ्याकडं. माझं इंग्रजी ऑफिसातल्या टिपणांपुरतं. ती काय म्हणते असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "हवा चांगली आहे म्हणते." तीनदा हवा चांगली झाल्यावर एका बाईनं विचारलं, "हवेचंच सांगून राह्यली का जी इतक्या वेळची?" बायकोनं पदर तोंडाला लावला.

मग तो दिसला. आमचा पोरगा. बाहेरून तिसरा. अंगणात असा आवाज उठला की कोंबड्या गोठ्यात पळाल्या. त्यानं कॅमेऱ्याकडं पाहून हात वगैरे हलवला नाही, नुसतं खाली पाहत उभा होता. दादा पुढं झुकला. "बारीक झाला," एवढंच म्हणाला.

खेळाडू वाकले. हात रेषेला टेकले. अंगणात कुणी श्वासही घेईना. कमरा वर आल्या. आणि आमचा पोरगा सुटला.

बंदूक वाजण्याआधीच सुटला. सगळ्यांच्या पुढं, एकटा, चार-पाच पावलं. पाठोपाठ दोनदा आवाज झाला, बाकीचे कसेबसे उठून थांबले.

आमच्या अंगणात टाळ्या पडल्या.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. पटात झेंडी पडायच्या आधी जोडी सुटली तर कुणी वाईट मानत नाही. पोरं मागं धावतात, बैल वळवून आणतात, वेसण धरून पुन्हा रेषेवर उभे करतात. लोक उलट खूश होतात. जी जोडी धरून ठेवता येत नाही तिच्यातच खरा दम, असं आमच्याकडं मानतात. मालकांनी तर दादाच्या पाठीवर थाप मारली. "पाह्यलं का? थांबत नाई तो! धरून ठेवनं नाई होत त्याले!" आणि दादा हसला. बऱ्याच वर्षांनी मी दादाला तसं हसताना पाहिलं, सगळे दात दाखवून. "लहानपनापासून तसाच हाय," तो आजूबाजूला सगळ्यांना सांगू लागला.

टीव्हीत पोरगा परत येत होता. दोन्ही हात डोक्यावर. एक माणूस लाल कार्ड घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. मी लगेच अर्थ लावला, "ताकीद दिली. आता परत सोडतील." मला कुणी विचारलंही नव्हतं.

पोरगा थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग खाली वाकला, रेषेला हात लावला, आणि बाजूनं निघून गेला. कॅमेऱ्यानं त्याला सोडलं आणि बाकीच्यांना धरलं. ते पुन्हा वाकले.

"आपल्या पोराची जागा खाली काऊन हाय?" दादानं विचारलं.

"दम घेत असेल," मी म्हणालो.

बंदूक वाजली. ते सगळे गेले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपलंही. पडद्यावर कुणीतरी परकं माणूस छाती पुढं काढून ओरडत होतं. अंगणातले लोक अजून आमच्या पोराची वाट पाहत होते. दोघा-तिघांना वाटलं त्याला वेगळा सोडतील. दादा अजून पुढं झुकूनच होता.

बायको माझ्या कानाशी आली. हळूच म्हणाली, "त्याले काढलं जी. एक डाव आधी सुटलं का बाद करतात. मोबाइलवर येऊन राह्यलं."

हे दादाला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी काय बोललो ते मला आठवत नाही. दादा काय बोलला ते आठवतं. "परत उभं करत नाईत?"

"नाही दादा."

"एकडावबी नाई?"

मालक काठी आपटून म्हणाले, "अरे, बैलायलेबी तीन डाव देतो ना आपन!" कुणी हसलं नाही. लोक उठले. जाताना वडे घेऊन जा म्हणून वहिनी प्रत्येकाच्या मागं लागली, आणि लोकही बिचारे हातात वडा घेऊन निघाले, मयतीच्या घरून काही न्यावं लागल्यासारखे अवघडून.

त्या संध्याकाळी पुतण्याचा फोन वहिनीला आला. जेवला का, ताप वगैरे नाही ना, एवढंच बोलणं झालं. दादानं फोन घेतला नाही. गोठ्यात काम आहे म्हणाला. गोठ्यात त्या वेळी काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दादानं सांगायला सुरुवात केली की पोराच्या पायाला लागलं होतं. आधी शेजाऱ्याला सांगितलं, मग चावडीवर, मग चामोर्शीच्या बाजारात मलाही. मला! मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं होतं. मी म्हणालो, "हो, लागलंच असेल." गावानंही ते मान्य केलं. कुणी त्याला खोडून काढलं नाही.

पुतण्या घरी आला तेव्हा मळणी चालू होती. दाढी वाढलेली, गुडघ्याला पट्टा. लोक भेटायला येत होते, आणि दादा ओसरीवर बसून प्रत्येकाला सांगत होता, "पायाले लागलं होतं ना. नाईतर..." पुतण्या आत होता. मालक आले तेव्हाही दादानं सुरू केलं, "पायाले..."

आतून पुतण्या बाहेर आला. दारातच उभा राहिला.

"नाई बाबा. पायाले काई नोतं तवा. मी आधी सुटलो."

मालकांनी तंबाखू मळायला घेतली. दादानं पोराकडं पाहिलं नाही, समोरच्या धानाच्या ढिगाकडं पाहत म्हणाला, "मी सांगतलो होतो त्याले. पयले सुट म्हनून. दोन डाव सांगतलो. मायामुळं झालं ते."

मला वाटतं, हेच त्याला इतके दिवस म्हणायचं होतं, आणि पाय वगैरे सगळं त्याच्यावर घातलेलं पांघरूण होतं. पुतण्या चटकन पुढं आला, बापाच्या समोर उकिडवा बसला. गुडघा दुखत असणार, पण बसला.

"नाई बाबा, तुमचं काईच नाई त्याच्यात. खरंच नाई. तिथं वाकलं ना, का मंग कोनाचंच काई ध्यानात राह्यत नाई. घर नाई, गाव नाई, कोच नाई, तुमी नाई. काईच नाई राह्यत. माझा मीच सुटलो."

आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. मालक म्हणाले, "पाह्य बा, तुयावर काईच नाई. उगाच जीवाले लावून घेतलास." वहिनीनं डोळे पुसले. मीही म्हणालो, "सुटलास ना दादा आता?" म्हणजे माझ्या मते मी मोठीच फुंकर घातली.

दादा उठला. बांध पाहून येतो म्हणाला. मळणीच्या दिवसांत बांधावर पाहायला काय असतं? मी मागून निघालो. माझी चाल आणि दादाची चाल, तो पन्नास पावलं पुढं होता. धापा टाकत मी गाठलं तेव्हा तो कापलेल्या बांधीच्या कडेला उभा होता.

"दादा, पोरगा म्हणाला ना, तुझं काही नाही."

"हाव. म्हनला."

"मग?"

"आपून इतके लोक बसलो होतो अंगनात. आन् तो म्हनते कोनीच नोतं."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणाला रे तो."

"त्याले खोटं बोलता येत नाई," दादा म्हणाला. "आताच पाह्यलास ना तू. पायाचं एवढंसं खोटं चालू देलं नाई त्यानं मले. मालकासमोर." मग म्हणाला, "माया सांगन्यानं हरला असता, तं निदान मी होतो ना तिथी."

ऑफिसात मी तासभर बोलू शकतो, विषय नसला तरी. इथं मला एवढंच सुचलं, "चहा झाला असेल, चल."

"तू जाय. येतो मी."

मी परत आलो. मालक गेले होते. पुतण्या ओसरीवर एकटाच होता, गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा आवळत होता.

"बाबा कुठी हायेत, काकाजी?"

"बांधावर. येऊन राह्यले."

"काई म्हनले का?"

मी नाही म्हणालो. तो उठला, चपला पायात घातल्या आणि पायरीवरच थांबला. मी बाजूला होऊन वाट दिली, तरी तो निघाला नाही. तिथून दादा दिसत होता, पाठमोरा.