पोळा फुटेना

गुलाबी बोंडअळीने आदल्या हंगामात बीटी कपाशीचं मातेरं केलं, त्यानंतरचा तो पोळा. मी माहेरी आले होते. गावात बैलजोड्या मोजक्याच उरल्या होत्या, बाकीच्यांनी विकून टाकल्या होत्या. माणसं चिडलेली होती. अळीवर चिडून उपयोग नव्हता, बियाणंवाला फोन उचलत नव्हता, मग राग हाताशी सापडेल त्याच्यावर निघू लागला.

हाताशी सापडले ते आमच्या शेजारचे चाचा. अडल्यानडल्यांची पेरणी आणि उभ्या पिकातली डवरणी, म्हणजे कोळपणी, त्यांच्या जोडीवर चालायची. ते मुसलमान, पण पोळ्याला त्यांची जोडी कधी चुकली नाही. शिंगं रंगवणं, पिंपळगाव राजाच्या बाजारातून घुंगरमाळा आणणं, सगळी हौस ते करायचे. फक्त पूजा करत नसत. गावच्या तोरणाखालून जोड्या सुटून पोळा फुटला की ते जोडी आमच्या दारात आणायचे, आई तिला ओवाळून पुरणपोळी चारायची आणि चाचा कासरा धरून अंगणातल्या लिंबाकडे पाहत उभे राहायचे. ना आईला त्यात काही खटकलं, ना त्यांना.

त्या वर्षी काही तरण्या पोरांना खटकलं. तोरणाखाली यायचं तर चाचांनी सगळ्यांसमोर स्वतः बैलांची पूजा करावी, हात जोडावेत. नाहीतर त्यांच्या जोडीला गावात कुणी काम देणार नाही, असं त्यांनी बजावलं. या धर्मरक्षकांपैकी एकाच्याही दावणीला बैल नव्हता. ट्रॅक्टर काही तोरणाखालून नेता येत नाही, म्हणून ते पूजेचं ताट घेऊन उभे होते.

चाचांनी ताटाकडे पाहिलं. हरभऱ्याची पेरणी महिना-दीड महिन्यावर आली होती आणि त्या कामावरच त्यांचं घर चालायचं.

"तुमच्यासंगं उभा राहीन," ते म्हणाले, "पन हात जोडनं माह्याच्यानं होनार नाही."

आणि त्यांनी जोडी वळवली.

मानाची जोडी माझ्या वडिलांची. ती तोरणाखालून गेल्याशिवाय पोळा फुटत नाही. या मानापायी वडिलांनी सख्ख्या चुलतभावाशी बोलणं टाकलं होतं. शिवाय देवाधर्माचे इतके कडक, की पोळा फुटेपर्यंत तोंडात घास घालत नसत. ढोल वाजू लागला. वडील जागचे हलले नाहीत.

"जबरदस्तीनं जोडलेले हात देवाले चालले असते," ते म्हणाले, "तं मी सकायपासून उपाशी काऊन राह्यलो असतो?"

त्यांनीही बैल वळवले. मान एकदा गेला की परत मिळत नाही, आणि तो घ्यायला चुलतकाका मागेच उभे होते.

पोरांनी काकांना पुढे व्हायला सांगितलं. या घटकेची काकांनी जन्मभर वाट पाहिली होती. आता ते निघणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. काकांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला, पोरांकडे पाहिलं आणि कासरा सैल सोडला.

"माहा बैल लंगडून राह्यला," ते म्हणाले.

बैल चांगला धडधाकट होता. घरापासून तोरणापर्यंत उड्या मारत आलेला सगळ्या गावाने पाहिला होता. इतकं धडधडीत खोटं आणि इतकं मोठं मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

त्यांच्या मागची जोडीही मग हलेना, तिच्या मागचीही नाही. ढोलवाला दमून थांबला. दारोदारी बायका ओवाळणीची ताटं घेऊन ताटकळल्या. शेवटी पोरांनी आपलं ताट मुकाट्याने पारावर ठेवलं आणि गावातली वडीलधारी माणसं चाचांना आणि वडिलांना बोलवायला आली. चाचांची जोडी नेहमीच्या जागी उभी राहिली, वडील पुढे झाले आणि पोळा फुटला. हात जोडायचं कुणी नावही काढलं नाही.

आईचं ओवाळून झाल्यावर चाचांनी तिच्याकडून तेलाची वाटी मागून घेतली आणि ते काकांच्या गोठ्याकडे निघाले. वडील थोडे घुटमळले, मग मागोमाग गेले. मीही गेले.

"कोनता पाय, भाऊ?" चाचांनी विचारलं.

काका गडबडले. त्यांनी वडिलांकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं आणि अंदाजाने पुढचा डावा पाय दाखवला. चाचा खाली बसले आणि तो काहीही न झालेला पाय दोन्ही हातांनी हळूहळू चोळू लागले.